एक पापुद्रा जास्त

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली टकटक्या म्हणते. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि तोही निमूट ओ देतो, कारण नाव खोटं नाही. दिसेल त्या लाकडावर बोटाचं पेर आपटायचं आणि कान देऊन ऐकायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड. दार, टेबल, बसमधलं बाक, बाजारातलं कलिंगड, काही म्हणजे काही सुटत नाही. पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा बाकीचे गप्पा मारत बसले असताना हा उठून कपाटाजवळ गेला, दोनदा टकटक केलं आणि सासऱ्यांना म्हणाला, "डाव्या दाराला आतून कीड लागलीय." सासरे लालबुंद झाले. पुढे काही महिन्यांनी ते दार बिजागरीसकट त्यांच्या हातात आलं. भावजय अजून ऐकवते, "माझ्याशी धड दोन शब्द बोलला नाही, कपाटाशी मात्र तासभर बोलत होता."

तो गिटारी बनवतो आणि लोकांच्या दुरुस्त करतो. मी त्यांना पॉलिश करते. नवऱ्याचं आणि माझं पटेना, तेव्हा मी याच्या वरच्या खोलीत राहायला आले आणि रिकामी बसण्यापेक्षा बरं म्हणून हातात चिंधी घेतली. ती आजतागायत सुटलेली नाही. खाली रस्त्याला लागून दोन खोल्या. पुढच्या खोलीत भिंतीला टांगलेल्या गिटारी, मागच्या खोलीत त्याचं बाक, शिकंजे, सरसाचं भांडं आणि खिडकीपाशी माझी खुर्ची. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्यावर घ्यायची आणि गोल गोल हात फिरवत थरावर थर चढवायचे, तेही इतके पातळ की चढले की नाही ते कळू नये. सुरुवातीला मी हौसेने जाड थर दिले. गिटार अशी चमकली की माझं मलाच कौतुक वाटलं. याने एक तार छेडली आणि म्हणाला, "ताई, तू हिला रजई पांघरलीस." सगळं खरवडून पुन्हा करायला लावलं. मी रागाने दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

हे असं आहे त्याचं. कान तेज आणि डोळे नावाला. मी केस कापून आले तर कळत नाही, पण जिन्यावरून माझी चाल ऐकून गुडघा कुठला दुखतोय ते सांगतो.

लोक येतात आणि म्हणतात, आवाज बसलाय, जरा भारीतल्या तारा टाका. असं कोणी म्हटलं की याचं डोकं फिरतं. मग तो बाकावर दोन खिळ्यांमध्ये ताणून ठेवलेली एक तार छेडून दाखवतो. डासाएवढा आवाज येतो. "एवढाच तारेचा आवाज," तो म्हणतो. "बाकी सगळा लाकडाचा." आणि एकदा सुरू झाला की गिऱ्हाईक दाराकडे बघू लागलं तरी थांबत नाही. तार नुसती ढकलते. ती हाडाच्या एका पट्टीवर टेकलेली असते. ती पट्टी ब्रिजमध्ये म्हणजे एका लाकडी ठोकळीत बसवलेली असते आणि ब्रिज पोटावरच्या फळीला चिकटवलेला. तार थरथरली की पट्टी, ब्रिज आणि फळी मिळून डोलतात, पोटातली हवा हलते आणि मधल्या भोकातून बाहेर पडते. ब्रिज जड झाला तर तोच अर्धा आवाज खातो. मान लवचिक निघाली तर सूर उमटायच्या आत विरतो. वरच्या टोकाला, खुंट्यांच्या आधी जी खाचांची पट्टी असते, तिची एक खाच जरा खोल गेली तरी तार फ्रेटवर म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीवर आपटून खरखरते. बाजू आणि पाठ आवाजाला रंग देतात. पण आवाज असा फळीचाच.

आणि फळी तरी किती जाड? चांगल्या पुठ्ठ्याएवढी. सहा तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका ओढा तिच्यावर पडतो, दिवसरात्र. ती फाटू नये म्हणून आतून बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, मोठ्या दोन फुलीसारख्या आणि बाकीच्या इकडेतिकडे. बाहेरून दिसत नाहीत, पण सगळं मर्म तिथे. पट्ट्या जाड ठेवा, गिटार तुमच्या नातवापर्यंत टिकेल आणि तोवर मुकी राहील. तासून बारीक करा, ती गायला लागेल. फार बारीक केल्या तर ओढा एक दिवस फळीच उचलून नेईल. "चांगली गिटार म्हणजे मोडण्याच्या जरा अलीकडे थांबवलेलं लाकूड," असं तो म्हणायचा. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार आवडलं होतं. आता नुसतं आठवलं तरी अंगावर काटा येतो.

कुठे थांबायचं याचा त्याचा एक नियम होता. पट्टी तासत असताना अजून एक पापुद्रा काढावा असं वाटलं, की त्याच क्षणी रंधा खाली ठेवायचा आणि हात धुऊन टाकायचे. हात धुतले की काम संपलं. मोह नको म्हणून तो कितीदा तरी अर्ध्यातून उठून नळाशी गेलेला मी बघितलाय. मी चिडवायचे, "पुजाऱ्यासारखा काय हात धुतोस सारखा." तो हसायचा नाही. या एका बाबतीत त्याला चेष्टा चालत नसे.

मिरी त्याची एकुलती एक. खरं नाव वेगळं आहे, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि रडणं सगळ्या इमारतीला पुरेल असं तिखट, म्हणून मिरी. रांगती होती तेव्हा बाकाखाली रंध्याच्या भुशात बसून असायची. पुढे बापाने तिला छोटी गिटार करून दिली, मग मोठी, आणि बघता बघता ती आम्हा सगळ्यांच्या हाताबाहेर गेली. तिचा डावा हात मानेवर फिरताना बघणं हा माझा आवडता उद्योग होता. करंगळी अशी ऐटीत लांब जायची की वाटायचं, हिला एक हाड जास्त दिलंय की काय. माझं तिच्यावर जरा जास्तच प्रेम आहे. ते मी कधी लपवलेलं नाही.

शहरातल्या मोठ्या सभागृहाचा स्वतःचा वाद्यवृंद आहे आणि त्यात गिटारीची एकच जागा. जुने वादक निवृत्त झाले तेव्हा निवड लागली. मिरीने वर्षभर दुसरं काही केलं नव्हतं. बापाने तिच्यासाठी नवी गिटार केली होती, फळी बाजूला ठेवून ठेवून जुनी केलेली, पॉलिश माझं. ती वाजवून आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसून राहिली. निवड कोणाचीच झाली नव्हती. जागा रिकामी ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा ऐकणार होते. परीक्षकांमधले मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "हात उत्तम आहे तुझा. पण मागच्या रांगेपर्यंत काही पोचत नाही."

"म्हणजे गिटार कमी पडली," माझा भाऊ म्हणाला.

"तसं नाही म्हणाले ते," मिरी म्हणाली.

"हात उत्तम म्हणाले ना? मग उरलं काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने त्या गिटारीच्या तारा सैल केल्या, पोटात छोटा दिवा सोडला आणि मधल्या भोकातून हात आत घातला. अंगठ्याएवढा रंधा असतो त्याच्याकडे. आतली पट्टी दिसत नाही, बोटांनी चाचपायची आणि तासायची. मी खिडकीपाशी होते, मिरी स्टुलावर. आतून कुरतडल्यासारखा आवाज येत राहिला. मधेच तो गिटार उपडी करून हलवायचा, भोकातून कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे खाली पडायचे, मग फळीवर पेर आपटून ऐकायचा. टक होतं, त्याचं हळूहळू ठक झालं, मग ढम. शेवटी त्याने रंधा खाली ठेवला आणि हात धुवायला गेला. मी सुटकेचा श्वास घेतला.

मिरीने तारा चढवल्या आणि वाजवून बघितलं. फार छान झाला होता आवाज. पूर्वीपेक्षा भरलेला आणि मोकळा.

"बाबा, मस्त झालंय," ती म्हणाली. "पण मागच्या रांगेपर्यंत जाईल?"

तो नळाशी ओले हात घेऊन उभा होता. मला वाटलं आता चिडेल. तो तसाच, हात न पुसता बाकाशी आला आणि त्याने तारा पुन्हा सैल केल्या.

"तू हात धुतलेस," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि रंधा उचलला.

त्यानंतर जो आवाज आला तसा आमच्या दुकानात कधी ऐकलेला नव्हता. मिरीने खालची जाड तार छेडली तर फडताळातल्या माझ्या स्पिरिटच्या बाटल्या शहारल्या. वरच्या तारा घंटेसारख्या सुटल्या आणि कितीतरी वेळ हवेत राहिल्या. भावजय हातातलं काम टाकून खाली आली. मिरी हसत होती आणि रडत होती. रस्त्यापलीकडचा चांभार दारात येऊन उभा राहिला. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. भावाने फक्त डोळे मिटून ऐकलं आणि कपडे झटकले.

मला भीती वाटायला लागली ती पुढच्या आठवड्यात, कारण आवाज आणखी सुधारला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याहून. नवी गिटार वाजवता वाजवता खुलते हे मलाही ठाऊक आहे, पण ते वर्षा-दोन वर्षांत, नकळत. ही रोज खुलत होती. भाऊ दर रविवारी सकाळी मिरीला समोर बसवून ऐकायचा आणि म्हणायचा, "खुलतेय. अजून खुलेल." मी आयुष्यभर त्याच्या तोंडून ऐकत आले होते की लाकूड सैल पडलं की आधी गोड होतं. ते तो विसरला होता, की आठवून आठवून बाजूला सारत होता, देव जाणे.

माझं काम डोळ्यांचं. पॉलिश केलेल्या फळीत मी खिडकीची चौकट बघते. चौकट सरळ दिसली की माझा हात सारखा फिरलाय. एका सकाळी मी त्या गिटारीवरचे बोटांचे डाग पुसायला घेतले आणि चौकट बघितली. ब्रिजच्या मागे ती वाकली होती. मी गिटार फिरवून बघितली, खुर्ची हलवून बघितली. फळीला पोट सुटलं होतं.

मी त्याला बोलावून दाखवलं. त्याने दोन पेरं आपटली. "सगळ्याच फळ्या थोड्या फुगतात, ताई. फुगल्याच पाहिजेत. दगड नाहीये तो."

"एवढी?"

"आवाज ऐक ना तू. फळी गेली असती तर असा आवाज असता?"

फळी फुगली की ब्रिज वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर तारा. त्या मानेपासून लांब गेल्या की दाबायला जड होतात. त्याची मोजायची पद्धत साधी आहे. मानेच्या मध्यावर, बाराव्या फ्रेटशी, तारेखाली आगपेटीची काडी सरकवायची. एक काडी अडकून बसली की झक्क. सुरुवातीला मिरीच्या गिटारीत एक काडी अडकून बसायची. मग ती आरपार निघायला लागली. तेव्हा त्याने हाडाची पट्टी काढून खालून घासली, तारा जरा खाली आल्या. महिन्याने पुन्हा घासली. त्याच्या बाकावर पांढरी पूड साचत गेली. निवड जवळ आली तोवर हाड ब्रिजच्या बरोबरीला आलं होतं, आणखी घासायला उरलंच नव्हतं. मानेतली लोखंडी सळई पिळून बघितली, तिने काही फरक पडला नाही. पडणारच नव्हता, दुखणं मानेचं नव्हतंच. मी स्वतः काड्या घातल्या. दोन काड्या एकीवर एक सहज गेल्या.

"उघड हिला," मी म्हटलं. "पाठ काढ, नव्या पट्ट्या बसव."

"निवड झाल्यावर."

"मग तोवर पोरीने त्या तारा दाबायच्या कशा?"

"दाबतेय की. तक्रार आहे का तिची?"

तक्रार नव्हती, तीच तर गोष्ट होती. पण मी मघाशी म्हटलं तसं, माझं काम डोळ्यांचं. मिरी शर्टाची बटणं एकट्या उजव्या हाताने लावायला लागली होती. जेवताना डावा हात मांडीवर ठेवून बसायची. एकदा साबण तिच्या हातून तीनदा निसटला आणि ती साबणावरच चिडली. वाजवून झालं की कोपर छातीशी धरून उभी राहायची, लहान मूल धरावं तसं. मी तिला वरच्या खोलीत गाठलं आणि हात पुढे करायला लावला. मधल्या बोटापर्यंत ठीक होतं. पुढची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, गार लागली.

"मुंग्या येतात?"

"कधी कधी."

"बापाला सांग."

"नको, आत्या. सांगितलं तर तो हिला उघडेल."

"उघडू दे की."

"उघडली की हा आवाज गेला," ती म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली, जणू रोज रात्री हाच हिशोब करत होती. "आणि हा आवाज गेला की मी परत ती ‘हात उत्तम आहे, पण’वाली. तू नाही ऐकलंस त्यांनी ते कसं म्हटलं ते. फक्त निवडीपर्यंत, आत्या."

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. तशीच खाली गेले आणि भावाला सांगितलं, तिच्या हाताकडे बघ, बोटं गार पडलीत. त्याने तिला हाक मारली. ती जिन्यात येऊन उभी राहिली.

"हात दुखतो का गं?"

"नाही, बाबा."

"बघ," तो मला म्हणाला. "ताई, तू उगाच काहीतरी डोक्यात घेतेस. वाजवणाऱ्यांचे हात जरा भरून येतातच."

तो जागचा उठला नाही. चार पावलांवर पोरगी उभी होती, तिचा हात हातात घेऊन बघितला नाही. तिने नाही म्हटलं आणि त्याने ऐकलं. मी त्याला त्या दिवशी नाही नाही ते बोलले. आंधळा म्हटलं, गर्विष्ठ म्हटलं. तुला पोरगी नकोय, तुझ्या गिटारीला वाजवणारं माणूस हवंय, असंही म्हटलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पुन्हा कामाला लागला. भावजयीला सांगितलं, तीही धास्तावली, पण दोघं बापलेक एक झाल्यावर तिचं तरी काय चालणार.

निवडीला आम्ही सगळे गेलो. बाहेरच्या माणसांना शेवटच्या रांगेत बसू दिलं होतं. म्हणजे जिथे आवाज पोचत नव्हता, नेमके तिथेच आम्ही. मिरी मंचावर एवढीशी दिसत होती. तिने सुरुवात केली आणि तो आवाज आमच्यापर्यंत आला, आमच्या मागच्या भिंतीवर आपटून पुन्हा अंगावर आला. लोक पुढे वाकून ऐकत होते. भावाचे डोळे मिटलेले होते. मी उघडे ठेवले होते. दर अवघड जागेनंतर ती डावा हात क्षणभर मानेवरून सोडायची आणि खाली झटकायची. शेवटच्या भागात करंगळी वर राहिली, ती खाली आलीच नाही. तिने तो भाग तीन बोटांवर निभावून नेला. मफलरवाल्यांनाही ते कळलं नाही. ते उठून उभे राहिले होते.

तिला जागा मिळाली. सगळ्यांनी पेढे वाटावेत तशा मिठ्या वाटल्या. भाऊ तिला म्हणाला, "आता हंगाम संपला की उघडू हिला." हंगाम म्हणजे कार्यक्रमांचे सहा-सात महिने. ती हो म्हणाली. मी दोघांकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की आता ही दोघं थांबणार नाहीत.

ती हंगाम संपेपर्यंत पोचली नाही. एका सकाळी तिने पाण्याने भरलेला पेला डाव्या हाताने उचलला आणि तो सरळ निसटला. तिला वाटलं होतं की धरलाय. फुटलेल्या काचा तशाच ठेवून ती म्हणाली, "आई, मला डॉक्टरकडे ने." तिने आपणहून डॉक्टरचं नाव काढलं, तेव्हाच मी मनातल्या मनात हाय खाल्ली.

डॉक्टरीणबाईंनी सुया टोचून, विजेचे झटके देऊन तपासलं. जड तारा दाबायला कोपर आवळून धरल्याने तिथली नस दाबली गेली होती, महिनोन्‌महिने, रोज. करंगळी आणि शेजारचं बोट यांना जाणारी तीच नस. शस्त्रक्रिया करून मोकळी केली. पण जे स्नायू सुकलेत ते परत भरतील का, हे काही त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. उशीर झाला, एवढं मात्र म्हणाल्या. वाद्यवृंदाने तिची जागा हंगामापुरती दुसऱ्या कोणाला दिली आणि कळवलं की पुढच्या हंगामाआधी येऊन वाजवून दाखवावं.

भावाला दोघी मायलेकींनी एवढंच सांगितलं की नस आखडली होती, मोकळी केली, आता आराम. तो घाबरला, नाही असं नाही. आठवडाभर जेवला नाही धड. पण मग त्याला त्याच्या परीने करण्यासारखं काहीतरी सापडलं. त्याने गिटार उघडली.

मी मिरीला म्हटलं, आता तरी त्याला खरं सांग. ती म्हणाली, "त्याने पाठ काढून ठेवलीय, आत्या. आत्ता सांगितलं तर त्याचा हात थरथरेल. आणि येतील बोटं, येतायत हळूहळू." ती बोलताना करंगळीने टेबलावर ठेका धरायचा प्रयत्न करत होती. मी बघितलं, आणि नजर वळवली.

त्याने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्या गिटारीवर केलं, हे मी पॉलिशवाली म्हणून सांगते. जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या बसवल्या, जिथल्या तिथे थांबला. फळी बैठी केली. मान उतरवून तिचा कोन पुन्हा बसवला. नवं हाड, नव्या खाचा, फ्रेट एकेक घासून सारखे केले. तारा इतक्या खाली आणल्या की लहान मुलालाही दाबता याव्यात. मी पॉलिश केलं आणि त्यात खिडकीची चौकट सरळ दिसली. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, तो जायचाच होता. पण गोड, स्वच्छ आणि भरवशाचा होता. "आता हिला हात लावला की वाजेल," तो मिरीला म्हणाला. तो हे माफी मागितल्यासारखं म्हणाला. त्याहून जास्त त्याला कधी जमलेलं नाही.

दुपारची वेळ होती. भावजय दारात, मी माझ्या खुर्चीत. मिरीने गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला सुरुवात केली. पहिले काही सूर मोकळे आले. मग ती वर गेली आणि एक सूर खरखरला. पुन्हा एक. मग एक मेला, नुसता ठप्प असा.

भावाने हात वर केला. "थांब. कुठेतरी टेकतेय." त्याने गिटार घेतली. डोळ्यांसमोर धरून मान बघितली, तिच्यावर पोलादी पट्टी ठेवून खालून उजेड येतो का ते बघितलं. नाही आला. वरच्या खाचा तपासल्या, नख घालून. हाड बघितलं. ब्रिजच्या कडेने पातळ कागद फिरवला, कुठे सुटलाय का. खुंट्यांचे स्क्रू पिळून बघितले, सैल खुंटीही कधी कधी खरखरते. भोकातून हात घालून एकेक पट्टी चाचपली आणि बाहेरून पेरं आपटली. मग तीच जागा त्याने स्वतः वाजवली. हळू, त्याच्या जाड बोटांनी. सूर स्वच्छ आला.

"आता बघ," म्हणून त्याने ती तिच्याकडे दिली.

तिने वाजवलं. खरखर.

त्याने परत घेतली, तीच तार, तीच जागा. स्वच्छ. पुन्हा तिला दिली. खरखर. भावजयीने तोंड पदराआड लपवलं. तो मात्र ऐकत होता, मान तिरकी करून. कोणता फ्रेट, कोणती तार, ते मनात मांडत होता. आणि मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलेलं मी बघितलं. गिटारीचा एकही भाग तपासायचा राहिला नव्हता.

त्याने गिटार तिच्या मांडीवरून उचलून बाकावर ठेवली. तिच्यासमोर खाली बसला आणि तिचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे वळवला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला उंचवटा बसला होता, तिथे खळगा पडला होता. दोन बोटं किंचित वाकलेली होती. त्याने ती सरळ केली, ती पुन्हा वाकली. त्याने आपला तळवा तिच्या त्या दोन बोटांखाली धरला.

"दाब," तो म्हणाला.

तिने कोपर कुशीला टेकवलं.

"दाब गं. जोरात दाब."

"दाबतेच आहे, बाबा," मिरी म्हणाली.